सशाचा ताप

पालघर-बोईसरच्या माळावर धावतो तो आणि पिंजऱ्यात पाळतात तो, दोघांनाही आपण ससाच म्हणतो. पण रानसशाची पिल्ले केसाळ आणि उघड्या डोळ्यांनी जन्मतात. पाळीव सशाची उघडी, आंधळी. एका जीवाणूला मात्र हा भेद नाही.

प्लेगच्या ज्या जागतिक साथीने १८९६ मध्ये मुंबई गाठली, तीच १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचली. पुढे तिथल्या जमिनीवरच्या खारी तपासताना मॅकॉय यांना १९११ मध्ये प्लेगसारखाच रोग दिसला, पण जीवाणू प्लेगचा नव्हता! तो त्यांनी व चॅपिन यांनी १९१२ मध्ये वाढवून दाखवला. टुलेरी परगण्यावरून रोगाला नाव मिळाले टुलरेमिया.

गोचिडी तो सशांत पसरवतात. आजारी ससा मंदावतो, म्हणून शिकाऱ्याला नेमका तोच सापडतो. कातडी सोलताना बोटाच्या बारीकशा खरचटीतून जीवाणू शिरतात. तिथे व्रण होतो, काखेत गाठ येते. दहा-पन्नास जीवाणूही पुरतात. माणसाकडून माणसाला मात्र लागण होत नाही आणि स्ट्रेप्टोमायसिनने रोग बरा होतो.

मग आपले ससे? या रोगाचे घर उत्तर अमेरिका, युरोप, जपानकडे आहे. आपल्या भातखाचरांत अनवाणी उतरणाऱ्याला खरी भीती उंदराच्या मूत्रातून येणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची. मेलेला ससा दिसलाच, तर मुलांना उघड्या हातांनी उचलू देऊ नये, वनखात्याला कळवावे.