वसंताची नोंदवही

होळी जवळ आली की आपल्या शहरात पहाटेचा गारवा ओसरतो, कडुनिंबाची जुनी पाने अंगणभर पडतात आणि एखाद्या सकाळी कोकिळाची साद ऐकू येते. याच दिवसांत आपल्या निसर्ग मंडळाच्या फेऱ्या सुरू होतात. या फेऱ्यांमध्ये मुले काय पाहतात, काय लिहून ठेवतात आणि त्या लिहिण्याचा उपयोग काय, असे अनेक पालक विचारतात. त्यासाठी हा लेख.

आम्ही जातो ते ज्युबिली हिल्समधील कासू ब्रह्मानंद रेड्डी राष्ट्रीय उद्यानात. १९९८ साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला. निजाम घराण्यातील मुकर्रम जाह यांचा चिरान पॅलेस याच आवारात आहे. चहूबाजूंनी रहदारीचे रस्ते आणि मध्ये साडेतीनशेहून अधिक एकरांचे खडकाळ, पानझडी रान, असे त्याचे स्वरूप आहे. मोर तर तेथे सहज दिसतात. काळवीट पाहायचे असेल तर वनस्थळीपुरमजवळच्या महावीर हरिण वनस्थलीत जावे लागते. एकेकाळी ते निजामांचे शिकारीचे रान होते. भगवान महावीरांच्या २५००व्या निर्वाण वर्षाच्या निमित्ताने १९७५ साली त्याला हे नाव देण्यात आले.

वसंतात पाहायचे काय? पहिली गोष्ट आवाजाची. सगळ्यांच्या ओळखीचा तो पंचम स्वर काढतो तो कोकीळ, म्हणजे नर. तो काळा कुळकुळीत असतो. मादी तपकिरी, अंगावर पांढरट ठिपके असलेली आणि लपून राहणारी. ती कावळ्याच्या घरट्यात अंडी घालते. त्यामुळे कोकीळ ओरडू लागला की कावळ्यांची घरटी कोठे चालली आहेत, हेही पाहून ठेवावे. दुसरा आवाज तांबटाचा. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा एकसारखा ‘टुक् टुक्’ असा आवाज येतो, म्हणूनच त्याचे नाव तांबट. हा हिरवा पक्षी पानांत सहसा सापडत नाही. निष्पर्ण फांदीच्या टोकाकडे पाहावे.

दुसरी गोष्ट रंगाची. शिंजीर नावाचा चिमुकला पक्षी फुलांतला मध पितो. विणीचा काळ नसताना नराचे पोट पिवळे आणि गळ्यावर एक गडद पट्टा असतो. वसंतात तोच उन्हात निळा-जांभळा चमकू लागतो. मधल्या काही आठवड्यांत तो अर्धा असा, अर्धा तसा दिसतो. तेव्हा तारखेसह त्याचे चित्र काढून ठेवावे.

तिसरी गोष्ट जाणाऱ्यांची. वसंत म्हणजे नुसते आगमन नव्हे. हिवाळ्यात आलेले पाहुणे याच काळात परत निघतात. मध्य आशियात वीण करणाऱ्या भोरड्या, म्हणजेच पळसमैना, पळस आणि काटेसावर फुलल्यावर थव्याने त्यावर उतरतात आणि साधारण एप्रिलपर्यंत निघून जातात. धोबी पक्ष्यांच्या काही जातीही उत्तरेकडे परततात. पाहुणा पहिल्यांदा कधी दिसला हे सगळेच लिहितात. शेवटचा कधी दिसला हे लिहायचे मात्र राहून जाते, कारण तो शेवटचा होता हे त्या दिवशी कळत नाही. यावर उपाय एकच, दर फेरीला सगळ्यांची नोंद करणे.

आता नोंद कशी करावी ते पाहू. आमच्या वहीत प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण, सुरुवातीची व शेवटची वेळ, हवामान आणि पाहणाऱ्यांची संख्या प्रथम लिहिली जाते. त्याखाली पक्ष्याचे किंवा झाडाचे नाव, संख्या आणि तो काय करत होता हे येते. वेळ लिहिण्याचे कारण सोपे आहे. अर्ध्या तासात दहा शिंजीर दिसणे आणि चार तासांत दहा दिसणे यांत फरक आहे. ओळख पटली नाही तर अंदाजाने नाव घालू नये. ‘ओळख पटली नाही’ असे लिहून आकार, चोच, रंग आणि आवाज यांचे वर्णन करावे. आणि ठरलेल्या वाटेवर नेहमीचा पक्षी दिसला नाही, तर ‘दिसला नाही’ हीसुद्धा नोंदच आहे.

झाडांसाठी एक सोपी पद्धत आहे. २०१० च्या सुमारास सुरू झालेल्या ‘सीझनवॉच’ या उपक्रमात देशभरातील शाळा भाग घेतात. एक झाड निवडायचे आणि दर आठवड्याला त्याची नवी पाने, कळ्या, फुले आणि फळे ‘नाहीत’, ‘थोडी’ की ‘पुष्कळ’ एवढेच लिहायचे. पक्ष्यांसाठी दर फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना होते. भारतात ती २०१३ पासून होत आहे. किमान पंधरा मिनिटे पाहून यादी देणाऱ्या कोणालाही तीत भाग घेता येतो.

तारखेबाबत एक सूचना. कडुनिंबाचा मोहोर आपल्या घरी पाडव्याला आणि शेजारच्या तेलुगू घरी त्याच दिवशी उगादीच्या पच्चडीला लागतो. म्हणून मुले ‘पाडव्याला मोहोर होता’ असे लिहितात. पण पाडवा चांद्र तिथीने येतो. २०२३ साली तो २२ मार्चला होता आणि २०२४ साली ९ एप्रिलला, म्हणजे १८ दिवसांचा फरक. मोहोर लवकर आला की पाडवाच उशिरा आला, हे अशा नोंदीवरून कळणार नाही. तिथी जरूर लिहावी, पण इंग्रजी तारीख सोडू नये. झाडांची तेलुगू नावेही शेजारी लिहावीत. पळस म्हणजे मोदुगु, बहावा म्हणजे रेला, तरवड म्हणजे तंगेडु. उद्यानातील कर्मचाऱ्यांना विचारताना याच नावांचा उपयोग होतो.

अशा नोंदींची परंपरा आपल्या भागाला नवी नाही. १९३१-३२ साली डॉ. सलीम अली यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. त्या संस्थानात मराठवाडाही होता. तिचा वृत्तांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. नव्वद वर्षांपूर्वी येथे कोणते पक्षी होते, हे त्यावरून आज पाहता येते. इंग्लंडमध्ये रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणा टिपायला सुरुवात केली आणि त्यांच्या घराण्याने ते काम १९५८ पर्यंत चालवले. हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्यांना त्या वह्या उपयोगी पडल्या. आपल्या शाळेत तर एकाच घरातील तीन-तीन पिढ्या शिकल्या आहेत. हे काम आपल्यालाही जमण्यासारखे आहे.

त्याची गरजही आहे. २०२५ च्या मार्चअखेरीस हैदराबाद विद्यापीठालगतच्या कांचा गच्चीबावली येथील सुमारे ४०० एकर जमिनीवर झाडे तोडण्याचे काम सुरू झाले. सर्वोच्च न्यायालयाने ३ एप्रिल रोजी ते थांबवण्याचा आदेश दिला. तेथे कोणते पक्षी व प्राणी राहतात हा प्रश्न निघाला, तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि पक्षीनिरीक्षकांनी अनेक वर्षे ठेवलेल्या याद्या पुढे आल्या. वाद उभा राहिल्यावर अशी यादी करू म्हटले तर होत नाही, ती आधीच असावी लागते.

उद्यानातील नियम मुलांना पाठ आहेतच, तरी पुन्हा सांगतो. फिकट रंगाचे कपडे घालावेत, पाण्याची बाटली आणि टोपी आणावी, हळू बोलावे. फुले तोडू नयेत, घरट्याजवळ जाऊ नये आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज वाजवून त्यांना बोलावू नये. विणीच्या दिवसांत त्याचा त्यांना त्रास होतो.

शेवटी दोन विनंत्या. पालकांना विनंती की महिन्यातील एक रविवार सकाळ मुलांबरोबर द्यावी. ज्यांना येणे जमणार नाही, त्यांनी घराजवळचे एक झाड मुलांच्या हवाली करावे. विश्वस्त मंडळाला विनंती की ग्रंथालयात या वह्यांसाठी एक कपाट आणि दरवर्षी एक पक्क्या बांधणीची नोंदवही मिळावी. दहावीची तुकडी शाळा सोडून जाते तेव्हा त्यांच्या वह्या घरी जातात आणि पुढे रद्दीत. त्या शाळेत राहिल्या, तर आज पाचवीत असलेल्या मुलाच्या मुलीला पडताळून पाहता येईल की आपल्या वडिलांच्या वेळी कोकीळ कोणत्या तारखेला ओरडला होता.