विंचवाचे विष आणि पेशीची दारे

चुलीसाठी लाकूडफाटा उचलताना लाल विंचू नांगी मारतो. काही वेळातच दरदरून घाम सुटतो, उलट्या होतात, हातपाय गार पडतात. उपचार लांबले तर फुप्फुसात पाणी भरून तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. कोकणातल्या डॉक्टरांना हे चित्र नवे नाही. थेंबाहूनही कमी विषाने एवढा उत्पात कसा होतो, याचे उत्तर पेशीच्या आवरणात सापडते.

हे आवरण मेदाचे, जेमतेम दोन रेणूंच्या जाडीचे. सोडियम, पोटॅशियम यांचे विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पाण्याला बिलगून असतात आणि पाण्याचे व मेदाचे जमत नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी आवरणात प्रथिनांची दारे असतात. हेच आयन चॅनेल. काही चॅनेलमधून सेकंदाला कोटीभर आयन जातात, तेही निवडून. पोटॅशियमच्या दारातून आकाराने लहान असलेला सोडियम मात्र सहसा जाऊ शकत नाही! पोटॅशियम अंगावरचे पाणी सोडतो, कारण दाराच्या भिंतींतले ऑक्सिजनचे अणू त्याला नेमके सामावून घेतात. सोडियमला तिथे तसा आधार मिळत नाही, म्हणून तो पाणी सोडत नाही. रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ मध्ये ही रचना दाखवली. २००३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

मज्जातंतूतले सोडियमचे दार संदेश जाताना सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागापुरते उघडते आणि आपोआप मिटते. विंचवाचे विष ते मिटूच देत नाही. मज्जातंतू संदेश सोडत राहतात, ॲड्रेनॅलिनसारख्या संप्रेरकांचा लोंढा येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय दमते.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात यावर रक्तदाबाची प्राझोसिन ही गोळी वापरली आणि असंख्य रुग्ण वाचवले. ही गोळी दार बंद करत नाही; आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा ताण हलका करते. पुढे सोबत विंचवाची प्रतिविष लसही दिल्यास रुग्ण लवकर सावरतो, असे दिसून आले.

ठणका थांबवायला दंशाच्या जागी देतात ते लिग्नोकेनचे इंजेक्शन मात्र थेट सोडियमचेच दार बुजवते. पण जागा बधिर झाली म्हणजे विष उतरले असे नव्हे. लहान मुलाला तर ठणका थांबल्यावरही दवाखान्यातच थांबवून घ्यावे लागते.