इंग्रजीतील तुलनादर्शक क्रियाविशेषणे आणि मराठी भूतकाळ

मराठी माध्यमाच्या शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास २००० साली आरंभ झाला. तथापि कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावरील टोकावड्यासारख्या गावी विद्यार्थ्याच्या वाक्यरचनेचा पाया मराठीचाच असतो. भूतकाळी क्रियापदाबरोबर तुलनादर्शक क्रियाविशेषण योजताना त्याच्या हातून ज्या चुका संभवतात, त्या पुष्कळदा अनवधानाच्या नसून मराठीच्या नियमांस धरूनच झालेल्या असतात. हे नियम कोणते, याचा विचार येथे केला आहे.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, इंग्रजीत अशा क्रियाविशेषणाच्या रूपाचा काळाशी संबंध नाही. 'कम्स', 'केम', 'विल कम' यांपैकी कोणतेही क्रियापद असो, 'अर्लिअर' हे 'अर्लिअर'च राहते. काळ क्रियापदाने दाखवावा व तुलना क्रियाविशेषणाने, अशी ही कामाची वाटणी आहे.

मराठीची वाटणी निराळी आहे. 'मुरबाडची गाडी कल्याणच्या गाडीपेक्षा लवकर आली' या वाक्यात 'लवकर' हा शब्द जसाच्या तसा राहिला आहे. तुलनेचा सर्व भार 'पेक्षा' या शब्दयोगी अव्ययाने उचलला आहे. 'पेक्षा' हे संस्कृत 'अपेक्षा' या शब्दापासून आलेले असून ज्याच्याशी तुलना करावयाची त्यास ते जोडले जाते. संस्कृतात तरभाव शब्दाच्या अंगीच लागत असे; इतकेच नव्हे, तर पाणिनीच्या व्याकरणाप्रमाणे क्रियापदासही तो लागू शके व 'पचतितराम्' असे रूप सिद्ध होई. ही प्रत्ययव्यवस्था मराठीत उरली नाही. 'उच्चतर'सारखी रूपे तत्सम म्हणूनच वापरात आहेत. म्हणून विद्यार्थी 'केम अर्ली दॅन' असे लिहितो, तेव्हा 'दॅन' म्हणजे 'पेक्षा' असे मानून त्याने तुलना पूर्ण केलेली असते. उलट, 'अधिक लवकर' याचे शब्दशः रूपांतर करताना तो 'मोअर अर्लिअर' असे लिहितो. कारण 'अर्लिअर'मध्ये 'अधिक' हा अर्थ आधीच सामावला आहे, याची जाणीव त्यास मराठीकडून मिळत नाही.

दुसरी अडचण विकारी शब्दांची. 'राम चांगला पोहला', 'सीता चांगली पोहली' येथे रीतिवाचक शब्द कर्त्याप्रमाणे बदलतो. 'सीतेने भात चांगला लावला', 'सीतेने नाचणी चांगली लावली' येथे तो कर्माप्रमाणे बदलतो. आणि 'सीतेने मुलींना चांगले शिकवले' या भावे प्रयोगात तो नपुंसकलिंगी एकवचनी राहतो. वर्तमानकाळातही 'सीता नाचणी चांगली लावते' असेच होते. परंतु भूतकाळी कर्मणी प्रयोगात क्रियापदही कर्माच्या लिंगवचनास धरून चालत असल्यामुळे कर्म, रीतिवाचक शब्द व क्रियापद ही तिन्ही एकाच साच्यात पडतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त प्रयोगांचे जे सविस्तर विवेचन आहे, ते या दृष्टीने इंग्रजीच्या शिक्षकासही उपयुक्त ठरेल. नामाबरोबर बदलणारा शब्द विशेषणच आहे, असे मराठी भाषकास वाटणे स्वाभाविक आहे. 'बेटर' या रूपाने हा घोटाळा झाकला जातो, कारण 'गुड' व 'वेल' या दोहोंचे तरवाचक रूप तेच आहे. तो उघड होतो 'शी रोट मोअर केअरफुल दॅन राम' अशा वाक्यात; तेथे 'केअरफुली' हवे.

तिसरा मुद्दा अर्थाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. 'गुरुजींनी गोविंदाला रामापेक्षा अधिक शिकवले' या वाक्यात राम शिकविणारा की शिकणारा? 'पेक्षा' लागताच 'रामाने' व 'रामाला' हा विभक्तिभेद लोपतो. इंग्रजीतही केवळ 'दॅन राम' म्हटल्यास हीच संदिग्धता राहते. परंतु 'दॅन राम डिड' म्हणताच राम कर्ता ठरतो व 'दॅन ही टॉट राम' म्हणताच तो कर्म ठरतो. भूतकाळाची खूण वाक्याच्या उत्तरार्धात पुन्हा येते ती या कारणासाठी. मराठीपाशीही याला तोड आहे: 'रामाने शिकवले त्यापेक्षा' आणि 'रामाला शिकवले त्यापेक्षा'. या दोन्ही रचना विद्यार्थ्याच्या कानावरील असल्याने 'डिड'चे प्रयोजन त्यांच्या आधारे सहज पटविता येते.

सारांश, 'दॅन'पूर्वीच्या शब्दात तुलना आली आहे काय, ती एकदाच आली आहे काय, तो शब्द क्रियेविषयी सांगतो की नामाविषयी, आणि 'दॅन'नंतरचे नाम कर्ता आहे की कर्म, हे चार प्रश्न प्रत्येक वाक्यास विचारण्याची सवय लावावी. चुकीवर केवळ तांबडी रेघ ओढल्याने आपण कोठे चुकलो एवढेच विद्यार्थ्यास कळते. आपल्याच भाषेचा कोणता नियम आपण दुसऱ्या भाषेस लावला हे कळले, तर त्यास दोन्ही भाषांचे व्याकरण समजू लागते.