विद्यार्थी आणि बदलते हवामान

बंगळूर शहराच्या वायव्येस पीण्या हे औद्योगिक क्षेत्र वसले आहे. यंत्रांचे सुटे भाग घडविणारे, धातूंवर मुलामा चढविणारे, तयार कपडे शिवणारे असे असंख्य लहानमोठे कारखाने तेथे दाटीने उभे आहेत. अशा ठिकाणी प्रात्यक्षिक अनुभवासाठी आलेल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला पर्यावरणाची हानी कोठे दिसेल? बहुधा सांडपाण्याच्या नाल्यात. त्यात त्याची चूक नाही. मुलाम्यासाठी वापरले जाणारे विषारी क्रोमियम येथील भूजलात आढळलेले आहे. परंतु हे झाले प्रदूषण. हवामानबदल ही याहून निराळी गोष्ट आहे.

क्रोमियम जेथे झिरपते त्या परिसरातच बाधते. कार्बन डाय-ऑक्साइडला मात्र रंग नाही, गंध नाही आणि गावही नाही. पीण्यातील लेथ फिरते तेव्हा तिच्यासाठी कोळसा कदाचित दूर रायचूरच्या औष्णिक केंद्रात जळत असतो आणि त्याचा वायू साऱ्या पृथ्वीच्या वातावरणात मिसळतो. औद्योगिक युगापूर्वी हवेच्या दर दहा लक्ष रेणूंत या वायूचे सुमारे २८० रेणू होते. आज ते ४२० हून अधिक आहेत.

जे दिसत नाही त्याविषयी माणसाची वृत्ती कशी घडते? तिची तीन अंगे मानता येतील : ज्ञान, भावना आणि कृती. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये पर्यावरणशिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला आणि पुढे पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार झाला. तथापि, ओझोन थराचा ऱ्हास आणि तापमानवाढ यांची गल्लत करणारे विद्यार्थी अनेक देशांतील अभ्यासांत आढळले आहेत. भावनेची उणीव मात्र नाही. भारतासह दहा देशांतील १६ ते २५ वर्षे वयाच्या दहा हजार तरुणांच्या पाहणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांपैकी ५९ टक्के तरुणांनी आपल्याला तीव्र चिंता वाटते असे सांगितले. ही चिंता दैनंदिन जीवनावर परिणाम करते, असे ४५ टक्क्यांहून अधिक जणांचे म्हणणे होते.

मग अडते कोठे? चिंता जगाएवढी आणि हात दोनच, असे वाटू लागले की कृती थांबते. यावर उपाय म्हणजे हाती घेता येईल असे मोजमाप. देखभाल नसलेल्या कारखान्यात कॉम्प्रेसरने दाबलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के हवा गळतीतून वाया जाऊ शकते. नळीच्या सांध्यावर साबणाचे पाणी लावले की बुडबुडे उठतात आणि गळती सापडते. भारतात विजेच्या एका युनिटमागे सरासरी सुमारे ०.७ किलोग्रॅम कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे वाचलेल्या युनिटांचा हिशेब मांडला की न दिसणारा वायू वहीत दिसू लागतो. एका सांध्याने पृथ्वी थंड होणार नाही, हे खरे. शासनाची धोरणे बदलल्यावाचूनही भागणार नाही. परंतु ज्याने एकदा असा हिशेब केला, तो विद्यार्थी धोरणाविषयीही नेमका प्रश्न विचारू शकतो.