शिडी केव्हा घसरते?

युरोप-अमेरिकेत मोटारहोम, म्हणजे चाकांवरचे घर, घेऊन पुष्कळ लोक प्रवासाला निघतात. छतावरचे सौर पॅनेल पुसायला शिडी लागते. गाडीत जागा थोडी, म्हणून आखूड शिडी घ्यावीशी वाटते. ती पुरेल का?

छत ३ मीटर उंच असेल, तर शिडीचे पाय गाडीपासून उंचीच्या एक-चतुर्थांश, म्हणजे ७५ सेंटिमीटर दूर ठेवावेत. उतरताना धरण्यासाठी शिडी छताच्या कडेवर सुमारे १ मीटर यायला हवी. म्हणजे लांबी झाली सुमारे ४ मीटर. मिटल्यावर आटोपशीर होणारी, दुर्बिणीसारखी सरकती शिडी इथे सोयीची.

पण एक-चतुर्थांशच का? गाडीची बाजू गुळगुळीत व शिडी वजनरहित मानून आम्ही हिशेब केला. ६० किलोग्रॅमचा माणूस निम्म्या उंचीवर असताना जमिनीकडून ७.५ किलोग्रॅम-भार घर्षणबल लागते. छताच्या कडेशी १५. म्हणजे खाली पक्की वाटणारी शिडी वर चढल्यावर घसरू शकते! शिडी ६० अंशांत कलती लावली, तर कडेशी सुमारे ३५ किलोग्रॅम-भार लागेल. ओल्या, गुळगुळीत जमिनीवर तेवढे घर्षण मिळेलच असे नाही.

ईएन १३१ या युरोपीय मानकाच्या शिडीवर माणूस व सामान मिळून १५० किलोग्रॅम भार चालतो. पण भार पेलणे वेगळे, न घसरणे वेगळे. म्हणून घेताना शिडीचे रबरी पाय आधी तपासावेत. ॲल्युमिनियमची शिडी विजेच्या तारांजवळ नेऊ नये.

वर्गात फूटपट्टी भिंतीला टेकवून तिचे खालचे टोक हळूहळू दूर सरकवा. ती कोणत्या कोनात घसरते, ते विद्यार्थ्यांना मोजू द्या.