चिमूरची बातमी आणि लहरींवरचा पहारा

यवतमाळ जिल्ह्याच्या एका अंगाला वर्धा, दुसऱ्या अंगाला तेव्हाचा चांदा. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, या दोन्ही शेजाऱ्यांकडे आष्टी आणि चिमूर पेटले. गोळीबार झाला, चिडलेल्या जमावाने पोलीस आणि अधिकारी मारले. मग चिमुरात लष्कर उतरले आणि तिथल्या बायकांवर अत्याचार झाले. वर्तमानपत्रांचे हात बांधलेले होते.

सविस्तर बातमी दिली ती मुंबईच्या काँग्रेस रेडिओने. २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलत ४२.३४ मीटरवरून बोलत. ऑल इंडिया रेडिओला ही मंडळी ‘अँटी इंडिया रेडिओ’ म्हणत.

नको असलेला आवाज दाबण्याचे सरकारकडे दोन मार्ग असतात. एक, प्रक्षेपक शोधून काढणे. दुसरा, जॅमिंग: त्याच लहरीवर जोरदार खरखर सोडायची, म्हणजे ऐकणाऱ्याला शब्दच लागत नाहीत. प्रक्षेपक परदेशात असला की पहिला मार्ग खुंटतो. म्हणून सोव्हिएत सरकारने अमेरिकेच्या आणि ब्रिटनच्या केंद्रांवर वर्षानुवर्षे खरखर ओतली. रेडिओ लिबर्टीवरची तर १९८८ च्या नोव्हेंबरपर्यंत चालू होती. पण शॉर्टवेव्ह लहर आकाशातल्या आयनांच्या थरावर आपटून हजारो किलोमीटर दूर उतरते, आणि शहरातल्या जॅमरचा जोर शहराबाहेर ओसरतो. मॉस्कोत न लागणारे केंद्र खेड्यात पुष्कळदा लागे.

मुंबईचा प्रक्षेपक मात्र सरकारच्या हाताच्या अंतरावर होता. लहरींचा माग काढणाऱ्या गाड्या फिरत होत्या. १२ नोव्हेंबर १९४२ ला गिरगावात छापा पडला आणि उषाबेनना पुढे चार वर्षांची सक्तमजुरी झाली.

तरीही चिमूर दडपले गेले नाही, आणि इथे यवतमाळचा संबंध येतो. वणीचे लोकनायक बापूजी अणे तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते. त्याच नोव्हेंबरात सेवाग्रामचे प्रा. जयकृष्ण भणसाळी दिल्लीला त्यांच्याकडे गेले, चिमूरच्या चौकशीची मागणी केली आणि तिथेच उपोषणाला बसले. पोलिसांनी त्यांना उचलून सेवाग्रामला पोचवले. उपोषण ६३ दिवस चालले. त्याबद्दल छापायलाही बंदी आली, तेव्हा ६ जानेवारी १९४३ रोजी देशभरातल्या अनेक वर्तमानपत्रांनी निषेध म्हणून अंकच काढला नाही. लहरीचा माग काढता येतो. उपाशी माणसाचे काय करायचे, हे सरकारला कळेना. १२ जानेवारीला तडजोड झाली आणि छपाईवरची बंदी उठली. पुढच्याच महिन्यात, गांधीजींच्या उपोषणाच्या प्रश्नावर, अण्यांनी राजीनामा दिला.