मुंबईत पाहुणे म्हणून जाताना : लोकल, बस आणि लाँच

(शब्बाथ संपल्यानंतर आपल्या सभागृहात झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



येत्या हिवाळ्यात आपल्यापैकी पाच-सहा कुटुंबे मुंबईस जाणार आहेत. त्यांच्यातील बहुतेक मुलांचा जन्म इथला. त्यांना मुंबई ठाऊक आहे ती आजीच्या गोष्टींतून. त्यांच्या आईवडिलांनी मला विचारले, "तिथे फिरायचे कसे? गाडी ठरवावी का?" त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी आज मी उभी आहे. उत्तर असे, की गाडी सामानासाठी ठरवा. जिथे वेळेवर पोहोचणे अगत्याचे आहे तिथे आगगाडीने जा.

मी असे का म्हणते ते आधी सांगते. २०१७ च्या पावसाळ्यात माझी थोरली बहीण ठाण्याच्या एका रुग्णालयात अतिदक्षता विभागात होती. मी दुपारी साडेतीनला विमानातून उतरले. भेटीची वेळ पाच ते सात. बाहेर येईस्तोवर पावणेपाच झाले. मी भाच्याला म्हटले, "बाबा, रिक्षाने मेट्रोच्या स्टेशनपर्यंत जाऊ, तिथून घाटकोपर आणि घाटकोपरहून लोकलने ठाणे." तो म्हणाला, "मावशी, या वयात तुम्हांला लोकलमध्ये चढवले तर लोक मला काय म्हणतील?" त्याने प्रेमापोटी गाडी आणली होती. मी बसले. पाऊस लागला, रस्ता तुंबला, आणि आम्ही रुग्णालयाच्या दारात पोहोचलो तेव्हा सात वाजून वीस मिनिटे झाली होती. दारावरच्या तरुण परिचारिकेने सांगितले, "वेळ संपली, उद्या सकाळी या." मंडळी, हेच वाक्य मी स्वतः तीस वर्षे लोकांना ऐकवले होते. मी तिच्याशी वाद घातला नाही. त्याच रात्री बहिणीची शुद्ध हरपली. ती पुढे दोन दिवस होती, पण तिने मला ओळखले नाही. संध्याकाळी ती दोनदा "आली का?" असे विचारत होती, हे मला तिच्याजवळ बसणाऱ्या बाईने मागाहून सांगितले. मेट्रो आणि लोकल धरली असती तर मी सहा-सव्वासहाच्या सुमारास तिच्या उशाशी असते. भाच्याला मी दोष देत नाही. मुंबईचे अंतर किलोमीटरमध्ये मोजायचे नसते, ते घड्याळात मोजायचे असते, हे तो तिथे राहूनही विसरला आणि मी इथे राहून विसरले.

आता लोकलविषयी. १८५३ च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी गेली. तोच रस्ता आजही मध्य रेल्वेचा कणा आहे. नकाशा लक्षात ठेवणे अवघड नाही. चर्चगेटहून समुद्राच्या कडेकडेने उत्तरेस विरारकडे जाते ती पश्चिम रेल्वे. व्ही.टी.हून, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून, ठाणे-कल्याणकडे जाते ती मध्य. आणि त्याच टर्मिनसहून निघून खाडी ओलांडून वाशी-पनवेलकडे वळते ती हार्बर. मध्य आणि पश्चिम एकमेकींना दादरला भेटतात, मध्य आणि हार्बर कुर्ल्याला. दादरचा पूल आमच्या काळी नवख्या माणसाला रडवत असे, कारण एकाच क्रमांकाचे फलाट दोन्ही रेल्वेंवर होते. २०२३ च्या डिसेंबरपासून तिथे १ ते १४ असे सलग क्रमांक दिले आहेत. हे फार चांगले झाले.

गाड्या दोन प्रकारच्या : धीमी सर्वत्र थांबते, जलद मोठ्या स्थानकांवरच थांबते. हा भेद आपल्या लोकांना विशेष महत्त्वाचा. सॅम्युअल स्ट्रीटवरचे शाअर हारहमीम, १७९६ चे आपले सर्वांत जुने सिनेगॉग, मस्जिद स्थानकापासून चालत जाण्याजोगे आहे. आपले वाडवडील सिनेगॉगला मशीदच म्हणत, आणि स्थानकाचे नाव त्यावरूनच पडले असे ते सांगत. पण मस्जिदला जलद गाडी थांबत नाही! ठाण्याहून जलद गाडीत बसलात तर मस्जिद डोळ्यांदेखत मागे जाईल आणि तुम्ही थेट टर्मिनसला उतराल. भायखळ्याला मात्र जलद गाड्या थांबतात. तिथून डेव्हिड ससून यांनी बांधलेले मागेन डेव्हिड गाठता येते. जेकब सर्कलच्या तिफेरेत इस्राएलसाठी पश्चिम रेल्वेचे महालक्ष्मी स्थानक जवळ. ठाण्याचे शाअर हाशामाईम, १८७९ चे, ठाणे स्थानकाहून फार दूर नाही. मुंबईत जुनी नावे नवी झाली आहेत. एल्फिन्स्टन रोड आता प्रभादेवी आहे आणि जेकब सर्कल संत गाडगे महाराज चौक. आजीच्या तोंडचे नाव आणि पाटीवरचे नाव अशी दोन्ही नावे कागदावर लिहून घ्या.

महिलांसाठी डबे वेगळे असतात. आपल्या सुना-मुलींनी तेच धरावेत. रात्री त्यांत पोलीसही असतो. पहिल्या वर्गाचा डबा निराळा, त्याचे तिकीट निराळे. नजरचुकीने त्यात शिरलात तर तपासनीस दंड करील आणि "आम्ही पाहुणे" ही सबब ऐकणार नाही. वातानुकूलित लोकलचेही तसेच. वारंवार फिरायचे असेल तर एक, तीन वा पाच दिवसांचे प्रवासी तिकीट खिडकीवर मागावे.

डब्यात शिरल्यावर लोक तुम्हांला विचारतील, "कुठे उतरणार?" मागच्या खेपेला माझ्या नातीला हा चौकशीखोरपणा वाटला. तो तसा नव्हे. विचारणाऱ्या बाईला तुमची जागा हवी असते, आणि तुम्ही उत्तर दिलेत की ती जागा तिच्या नावे नोंदली जाते. तिघांच्या बाकावर चौथीला टेकू देणे हाही तिथला धर्म आहे. ती अर्धीच टेकते, पण तिला नाही म्हणू नये. उतरण्याआधी एक स्थानक उठून दाराकडे सरकावे आणि पुढच्या बाईला विचारावे, "उतरणार का? फलाट कुठल्या बाजूला?" गाडी पुरते अर्धे मिनिटही थांबत नाही. इथल्या बसचालकाशी हुज्जत घालून दार पुन्हा उघडून घेण्याची आपल्या मुलांची सवय तिथे चालणार नाही, कारण चालक बारा डबे पुढे असतो!

मी प्रशिक्षण घेत होते तेव्हा रेल्वेखाली सापडलेली माणसे आमच्या अपघात विभागात येत. त्यांच्या जखमांविषयी मी इथे मुलांसमोर बोलणार नाही. एवढेच सांगते, की त्यांतले बरेच जण धावती गाडी पकडत होते किंवा पूल टाळून रूळ ओलांडत होते. गाडी सुटली तर सुटू द्या, दुसरी येतेच. कुटुंबातले अर्धे चढले आणि अर्धे राहिले, तर चढलेल्यांनी पुढच्याच स्थानकावर उतरून तिथेच थांबायचे आणि राहिलेल्यांनी मागच्या गाडीने तिथे यायचे. उलट दिशेने कुणीही परतायचे नाही. हा नियम घरून निघतानाच ठरवून ठेवा, मुलांकडून वदवून घ्या.

गर्दीची दिशा ओळखावी. सकाळी आठ ते अकरा माणसे दक्षिणेकडे कचेऱ्यांत जातात, संध्याकाळी पाच ते नऊ उत्तरेकडे परततात. गुडघे दुखणाऱ्या माणसाने अकरा ते चार हाच वेळ निवडावा. शुक्रवारी तर तीनच्या आत परतीची गाडी धरा. हिवाळ्यात तिथे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि मेणबत्त्या डब्यात लावता येत नाहीत. आपल्या इथे शब्बाथला बस थांबते म्हणून मनुष्य आपोआप घरी राहतो. तिथे शनिवारी सगळे चालू असते, तेव्हा शब्बाथचा मुक्काम सिनेगॉगपासून चालण्याच्या अंतरावरच असावा. रविवार आपल्याला कामाचा, तिथे सुट्टीचा. नातेवाईक घरी भेटतात, म्हणून तुम्ही रविवारच ठरवाल. पण रुळांच्या दुरुस्तीचा मेगाब्लॉकही रविवारीच असतो. साधारण अकरापासून दुपारी चारपर्यंत काही गाड्या बंद वा वळवलेल्या असतात. आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात पाहून घ्या.

विमानतळाहून आता सोय झाली आहे. मेट्रोची तिसरी मार्गिका २०२५ च्या ऑक्टोबरात आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण झाली. ती जमिनीखालून जाते आणि विमानतळाच्या दोन्ही टर्मिनलपाशी तिची स्थानके आहेत. चर्चगेट किंवा व्ही.टी.कडे जाणाऱ्याने तीच धरावी. ठाण्यास जाणाऱ्याने टर्मिनल दोनहून एकच स्थानक मरोळ नाक्यापर्यंत जावे, तिथे पहिल्या मार्गिकेने घाटकोपर आणि पुढे लोकल. माझ्या बहिणीच्या वेळी ही तिसरी मार्गिका नव्हती, पहिली मात्र होती.

बेस्टच्या बसगाड्या स्वस्त आणि जवळच्या अंतराला उत्तम. पण अनेक बसच्या कपाळावरचा क्रमांक देवनागरीत असतो. इथे जन्मलेल्या मुलांना १ आणि ९, ५ आणि ६ यांत गोंधळ होतो. रुग्णाच्या तक्त्यावर आकडा चुकीचा वाचला तर काय होते ते मी जाणते. बसचा चुकला तर निदान माणूस जिवंत राहतो, पण कुलाब्याऐवजी कुर्ल्यास पोहोचतो. तेव्हा दहा अंक शिकून घ्यावेत. एक दुपार पुरते.

शेवटी अलिबाग. नवगाव, खंडाळ्याचा एलियाहू हन्नबीचा टप्पा, ही ठिकाणे पाहिल्याविना आपली मंडळी परतत नाहीत. गेटवेहून मांडव्यास लाँच जाते, सुमारे एक तास लागतो, आणि काही लाँचच्या तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंतची बस येते. तिकीट घेतानाच ते विचारावे. गेटवेच्या लाँच पावसाळ्यात बंद असतात, पण तुम्ही हिवाळ्यात जाणार आहात. सकाळची पहिली लाँच धरलीत तर अलिबागेहून रिक्षा करून दोन्ही ठिकाणे होतात. मलिद्याचे पोहे, नारळ, गूळ आणि पाच फळे अलिबागच्या बाजारातच घ्यावीत, मुंबईहून ओझे नेऊ नये. आणि परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ उतरल्याबरोबर धक्क्यावर विचारून हातावर लिहून ठेवावी.